खीटहोर्न : खाणीवर वसलेले सुट्टीचे गाव

आजचा धागा एका सहलीच्या गावाविषयी आहे. नेदरलँड्समधील खीटहोर्न हे नाव कदाचित आपण ऐकले नसेल, पण त्याचे छायाचित्र बहुधा पाहिलेले असते. घरासमोर रस्त्याऐवजी कालवा, पाणगवताने शाकारलेली उतरती छपरे, प्रत्येक अंगणाकडे नेणारा लाकडी कमानी पूल आणि पाण्यावर सावकाश सरकणारी नाव. 'परीकथेतील गाव', 'उत्तरेचे व्हेनिस' अशा मथळ्यांखाली हे छायाचित्र समाजमाध्यमांवर अखंड फिरत असते. (रोमन अक्षरे पाहून आपल्याकडे 'गिएथूर्न' असे लिहिले जाते. डच उच्चार 'खीटहोर्न'च्या जवळ जाणारा आहे.)

येथे सुट्टी घालवण्याची रीत जवळपास ठरलेली आहे. विजेवर चालणारी छोटी नाव भाड्याने घ्यायची. तिचा आवाज इतका कमी की डच लोक तिला 'कुजबुजती नाव' म्हणतात. गावाच्या मुख्य कालव्यातून, दीडशेहून अधिक पुलांपैकी काहींच्या खालून, वाकून वाकून जायचे आणि शेवटी बोव्हनवाइडे नावाच्या विस्तीर्ण तळ्यात बाहेर पडायचे. तेथे काठ दूर जातो, वारा लागतो, आकाश एकदम मोठे होते. 'किती अस्पर्श निसर्ग!' असे उद्गार बहुधा याच ठिकाणी निघतात.

आता नावेतील बांबू या तळ्यात उभा करून पाहा. तो साधारण एक मीटरवर तळाला टेकतो. आणखी पुढे जा, पुन्हा टेकवा, पुन्हा तेवढेच. मध्यावर जा, तरी फारसा फरक नाही. एवढे मोठे तळे, आणि मधोमध उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडे वर पाणी! तळ सपाट, एखाद्या कारागिराने रंधा मारावा तसा.

हे तळे निसर्गाने केलेले नाही. माणसांनी येथून जमीन काढून नेली, आणि जाळली.

हे शब्दशः घ्यावे. या प्रदेशाची जमीन म्हणजे पीट. दलदलीत वाढलेले शेवाळ, पाणगवत, झुडपे मरून पाण्याखाली जातात; तेथे प्राणवायू जवळजवळ नसल्याने ती पूर्ण कुजत नाहीत आणि थरावर थर चढत जातो. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणजे एक मीटर पीट साठायला सुमारे एक हजार वर्षे लागतात. हे पीट वाळवले की जळते. लाकडाइतके चांगले नाही, दगडी कोळशाइतके तर मुळीच नाही, पण जळते. आणि जंगले विरळ, कोळशाच्या खाणी जवळपास नाहीत, अशा सखल किनारी देशात एवढे गुण पुरेसे होते.

ओव्हरआयसल प्रांताच्या या वायव्य कोपऱ्यात तेराव्या शतकात वस्ती झाली. गावाच्या नावाची कथा अशी सांगतात की, पहिल्या वसाहतकऱ्यांना दलदलीत असंख्य शेळ्यांची शिंगे सापडली. ११७० च्या महापुरात बुडालेल्या शेळ्यांची ती शिंगे, म्हणून गावाचे नाव 'शेळीचे शिंग'. पहिले वसाहतकरी भूमध्य समुद्राकडून आलेले, स्वतःला चाबकाने फटकारून घेणारे पंथीय होते, अशीही जोडकथा आहे. ११७० चा पूर खरा आहे; उत्तर नेदरलँड्सचा किनारा त्याने बदलून टाकला. शिंगांविषयी मात्र मी सावध राहीन. डच स्थलनामांत 'होर्न' हा शब्द शिंगाप्रमाणे जमिनीच्या कोपऱ्यासाठी, पुढे आलेल्या टोकासाठीही येतो. गावांची नावे आधी येतात आणि त्यांना साजेशा कथा मागाहून, हे आपल्याकडच्या स्थलपुराणांवर पोसलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

सुरुवातीचे खोदकाम कोरड्या भागापुरते होते : चर मारून पाणी काढायचे, वर आलेले पीट फावड्याने कापायचे. पाण्याच्या पातळीखालचे पीट हाताबाहेर होते. हॉलंडमध्ये १५३० च्या सुमारास एक साधे अवजार वापरात आले आणि चित्र पालटले. लांब दांड्याच्या टोकाला धारदार लोखंडी कडे, आणि कड्याला जाळ्याची पिशवी. नावेत किंवा काठावर उभे राहून ही पिशवी तळाशी खरवडत ओढायची आणि चिखलासारखे ओले पीट वर काढायचे. आता पाण्याखालची जमीनही विकता येऊ लागली.

वर काढलेला हा रबडा बाजूच्या अरुंद पट्टीवर पसरत. पायांना फळ्या बांधून तो तुडवत, दाबत. काही दिवसांनी पाणी निथळले की त्याचे विटांएवढे तुकडे कापत, उलटत, पालटत आणि हवा खेळेल अशा राशी रचत. शेणाचा काला करून गोवऱ्या थापणे आणि त्यांचे उडवे रचणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही. फक्त येथे थापली जात होती ती जमीनच. काम वसंत ऋतूत सुरू होई, कारण थंडी येण्यापूर्वी विटा वाळायला हव्यात. गोठलेली ओली वीट भुगा होते. खरवडण्याचे काम पुरुषांचे, उलटण्या-रचण्याचे बरेचसे स्त्रिया आणि मुलांचे. उन्हाळाभर पाणी, चिखल आणि वाकलेली पाठ. हिवाळ्यात काम नाही.

या पद्धतीमुळे जमिनीला एक विशिष्ट आकृती मिळाली : एक लांब खणलेला चर, त्याला लागून विटा वाळवायची लांब पट्टी, पुन्हा चर, पुन्हा पट्टी. फणीच्या दातांसारखी. आजच्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव 'वेररिबन-वीडन' आहे. त्यातील 'वेर' म्हणजे हे खणलेले चर आणि 'रिबन' म्हणजे त्यांमधल्या फासळ्या, अर्थात वाळवणाच्या पट्ट्या. उद्यानाच्या नावातच खाणीचा आराखडा लिहिलेला आहे.

गावातील कालवेही याच गरजेतून आले. पीट जड आणि स्वस्त. मऊ भूमीवर गाडी चालवायची तर चाक रुतणार. म्हणून माल नावेतून, आणि नावेसाठी कालवा. दोन कालव्यांमध्ये जो तुकडा उरला त्यावर घर बांधले, आणि घराकडे जायला पूल. ज्या 'बेटांवर' आज पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, ती बहुतांशी या खोदकामातून शिल्लक राहिलेली जमीन आहे. वाहतुकीची मुख्य नाव म्हणजे 'पुंटर' : उथळ बुडाची, दोन्ही टोके वर उचललेली, लांब काठीने रेटायची. (आपल्या बोलीतल्या 'पंटर'शी तिचा काही संबंध नाही.) गवत, दूध, पीट, लग्नाची वरात, शवपेटी, सारे पाण्यावरूनच. गायीसुद्धा नावेत उभ्या राहून कुरणाला जात.

घरांची छपरे नीट पाहिली तर त्यांतही हा इतिहास दिसतो. राहण्याचा भाग बुटका आणि त्यामागचा गोठा-कोठाराचा भाग एकदम उंच, त्यामुळे छपराला उंटाच्या पाठीसारखे वशिंड आलेले. डच लोक याला 'उंट-छप्पर'च म्हणतात. आडवे पसरायला जमीन नव्हती, म्हणून गवत साठवण्याची जागा उभी वाढली.

एवढे पीट जात कोठे होते? जवळच्या ब्लोकझाइल, झ्वार्टस्लाउस अशा बंदरांतून ते झाइडर झी या उपसागरापार, हॉलंडच्या शहरांकडे जाई. तेथे घरांच्या चुली होत्याच. शिवाय वीटभट्ट्या, मद्यभट्ट्या, साखर शुद्ध करण्याचे कारखाने, रंगारी, साबण करणारे. म्हणजे ज्या सतराव्या शतकाला डच लोक आपले सुवर्णयुग म्हणतात, त्याला सतत उष्णता लागत होती. वेंगुर्ल्याच्या वखारीमुळे आपल्याला ओळखीचे असलेले वलंदेज याच काळातले. त्यांची जहाजे, मसाले आणि तोफा आपल्या पुस्तकांत येतात. त्यांच्या शहरांत काय जळत होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

इतिहासकारांनी तो विचारला आहे. १९७८ मध्ये डे झेऊ यांनी असा सिद्धान्त मांडला की, स्वस्त आणि जलमार्गाने सहज नेता येणारे पीट हे डच भरभराटीचे एक मूळ कारण होते. पुढे १९८४ मध्ये रिचर्ड उंगर यांनी त्यातील आकडेमोडीवर आक्षेप घेतले आणि पवनशक्ती व आयात कोळसा यांचाही वाटा पुढे आणला. मला उंगर यांचा सावधपणा पटतो. एका इंधनावर एका युगाचा डोलारा उभा करणे धोक्याचे. पण वाद आहे तो प्रमाणाचा. शहरांच्या भट्ट्यांत देशाची जमीन जळत होती, याविषयी दोघांत मतभेद नाही.

आता या धाग्याचा गाभा. चर आणि पट्टी यांचे गणित पाहा. पट्टी हवीच, कारण विटा वाळवायच्या कोठे? पण पट्टीखालीही पीटच आहे, आणि तेही विकता येते. पट्टी जितकी रुंद, तितके न विकलेले धन पायाखाली पडून. म्हणून पट्ट्या अरुंद होत गेल्या आणि चर रुंद. प्रत्येक खोदणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. आणखी एक हात रुंदी, आणखी एका नावेचा माल. परंतु चर रुंद झाला की त्यावर वारा मोकळा वाहतो, लाटा मोठ्या उठतात. त्या मऊ पट्टीवर आपटतात, पट्टी खचते, दोन चर मिळून एक होतात. आता लाटा अधिकच मोठ्या. डच भाषेत अशा जमीन गिळत जाणाऱ्या पाण्याला 'पाण-लांडगा' असा शब्द आहे.

खीटहोर्नच्या दक्षिणेला ब्यूलाके नावाचे गाव होते. पीट काढणाऱ्यांचेच. आजूबाजूची जमीन खणून खणून गावाभोवती पाणी झाले होते, मध्ये वारा अडवायला काही उरले नव्हते. नोव्हेंबर १७७५ मध्ये वादळाने झाइडर झीचे पाणी बांध ओलांडून आत घातले. गाव खिळखिळे झाले. बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर १७७६ मध्ये, दुसरे वादळ आले आणि ब्यूलाके संपले. आज त्या ठिकाणी ब्यूलाकरवाइडे हे मोठे तळे आहे. 'वाइडे' म्हणजे रुंद पाणी. शिडाच्या नौकांची शर्यत खेळायला, पोहायला, सुट्टीतल्या दुपारी नांगर टाकून पडून राहायला ते उत्तम मानले जाते. गावाचे नाव टिकले ते तळ्याच्या नावात.

समुद्राने गाव गिळले, असे या घटनेचे वर्णन करायची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. वादळ समुद्राचे होते; वाट ग्रामस्थांनी, त्यांच्या वाडवडिलांनी आणि त्यांच्याकडून पीट घेणाऱ्या शहरांनी मिळून खणली होती. यात खोदणाऱ्यांना मूर्ख ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांच्यापाशी विकायला दुसरे काही नव्हते, त्यांनी पायाखालचे विकले. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्या घरांत त्या विटा जळल्या, ती मात्र आजही उभी आहेत.

हे सारे पडताळून पाहण्यासाठी दफ्तरखान्यात जायची गरज नाही. उपग्रह-नकाशा उघडा आणि हा प्रदेश शोधा. दक्षिणेकडचा वीडन हा भाग आधी खणला गेला, जेव्हा रुंदीवर धाक नव्हता. तेथे मोठमोठी तळी दिसतील, काठ फाटलेले, मध्ये कोठे एखादी पट्टीची तुटकी रेघ. वायव्येकडचा वेररिबन हा भाग मुख्यतः नंतर खणला गेला. तोवर धडा मिळाला होता. चर किती रुंद असावा आणि पट्टी किमान किती राखावी याचे नियम आले होते. तेथे फणीचे दात अजून शाबूत दिसतील : पट्टी, चर, पट्टी, चर. नियमाआधीची जमीन आणि नियमानंतरची जमीन शेजारी शेजारी. इतिहासाचा असा कागद क्वचितच हाती लागतो.

हॉलंड प्रांतात अशा अनेक तळ्यांचे पाणी उपसून पुन्हा शेते केली गेली. पाण-लांडग्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण असलेले हार्लेमरमेर हे अवाढव्य सरोवर १८५२ पर्यंत वाफेच्या पंपांनी रिकामे केले. आज अ‍ॅमस्टरडॅमला उतरणारे विमान त्याच्या तळावर उतरते. खीटहोर्नच्या आसपास मात्र तळाशी सुपीक चिकणमातीऐवजी मुख्यतः वाळू होती. उपसण्याचा खर्च निघाला नसता. म्हणून पाणी राहिले. आज ज्या सौंदर्यासाठी लोक येतात, ते अशा रीतीने एका तोट्याच्या हिशेबाने वाचवले आहे.

पीटचा धंदा कोळशापुढे हळूहळू मागे पडला. दोन्ही महायुद्धांत इंधनटंचाईमुळे त्याला थोडी धुगधुगी आली, आणि मग तो थांबला. उरली गरिबी, गायी, मासेमारी आणि पाणगवताची कापणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलेम बास्टिआन थोलेनसारखे चित्रकार येथे येऊ लागले होते. त्यांना पाणी, आकाश आणि पुंटरमधला माणूस दिसला. चित्रांनी डोळे तयार केले आणि मग पाहुणे आले. खरी झुंबड उडाली ती १९५८ नंतर. त्या वर्षी बेर्ट हान्स्ट्रा यांचा 'फॅनफेअर' हा विनोदी चित्रपट आला. एका गावातील बँडपथकाचे भांडणापायी दोन तुकडे होतात, अशी त्याची कथा. चित्रण खीटहोर्नमध्ये झाले. चित्रपटगृहांत सुमारे २६ लाख लोकांनी तो पाहिला, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीही नव्हती. चित्रपटातल्या गावाचे नाव काल्पनिक होते, पण खरे गाव कोठे आहे हे सर्वांना कळले.

आज तीन हजारांहून कमी वस्तीच्या या गावात वर्षाला दहा लाखांच्या घरात पाहुणे येतात असे सांगितले जाते. त्यांत एकविसाव्या शतकात चीनमधून आलेल्यांची मोठी भर पडली. उन्हाळ्यातल्या रविवारी मुख्य कालव्यात नावांची कोंडी होते. कुजबुजत्या असल्या तरी शेकडो नावांतून माणसे काही कुजबुजत नाहीत. गावकऱ्यांची तक्रार आणि गावकऱ्यांचे उत्पन्न एकाच कालव्यातून येते. जुन्या पीटच्या गणितासारखेच हेही गणित आहे. फक्त येथे आणखी एका नावेच्या मालाऐवजी आणखी एका नावेचे भाडे मोजायचे असते.

राहिला प्रश्न 'निसर्गा'चा. मोकळे सोडले तर हे दृश्य टिकत नाही. चरातल्या स्थिर पाण्यावर वनस्पतींचा तरंगता थर जमतो. त्यावर पाय ठेवला तर भूमी हलते. डच भाषेत याचे नावच 'थरथरते पीट'. त्यावर पाणगवत माजते, मग शेवाळ, मग झुडपे, आणि काही दशकांत तेथे ओलसर जंगल उभे राहते. जंगल वाईट नाही, पण मग उघडे पाणी नाही, पाणगवत नाही, अशा ठिकाणी जगणारे ताम्रवर्णी फुलपाखरू नाही. नेदरलँड्समधून १९८० च्या दशकाच्या अखेरीस नाहीसे झालेले पाणमांजर २००२ पासून येथे पुन्हा सोडण्यात आले, त्यालाही हे पाणी हवे.

म्हणून सुमारे १०,००० हेक्टरांच्या या उद्यानात दरवर्षी हिवाळ्यात पाणगवत कापले जाते. छपरे शाकारण्यासाठी ते विकले जाते, आणि त्या कापणीमुळेच जमीन मोकळी राहते. पाहुण्यांच्या नावा तेव्हा धक्क्याला बांधलेल्या असतात; धुक्यात कापणारे, पेंढ्या बांधणारे आणि उरलेला कचरा जाळणारे लोक तेवढे दिसतात. एवढ्याने भागत नाही तेथे यंत्रे आणली जातात. एखादी भरत आलेली जागा निवडून निसर्गसंवर्धनाची माणसे तेथे नवा चर खणतात. जुन्यांसारखाच लांब, सरळ आणि उथळ. काढलेले पीट आता कोणी जाळत नाही, एवढाच फरक.